किनारा घडतो कसा? कोकणपट्टीतील वाळू-पाण्याचा हिशेब

भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले असते. २०२४ मध्ये पुढे आलेल्या फेरमोजणीत मात्र हीच लांबी ११,०९८ किलोमीटर भरली. दरम्यानच्या काळात देशाला नवा भूभाग मिळालेला नाही. पूर्वीची मोजणी ठोकळ नकाशांवरून झाली होती, नवी मोजणी अधिक तपशीलवार नकाशांवरून झाली. त्यामुळे खाड्यांचे वळसे, लहान भूशिरे आणि कातळांचे कंगोरे हिशेबात आले. किनारा जितक्या बारकाईने मोजावा तितका तो लांबत जातो, ही गोष्ट भूगोलाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

किनाऱ्याबाबतची दुसरी गोष्ट मात्र नकाशातून सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे किनारा स्थिर नसतो. कोकणातील एखादी पुळण मे महिन्यात पाहावी आणि तीच ऑगस्टमध्ये पाहावी. दोन्ही जागा एकच आहेत यावर विश्वास बसू नये इतका फरक दिसतो. हा बदल कशामुळे होतो, त्यातला कोणता तात्पुरता आणि कोणता कायमचा, हे समजून घेणे आज केवळ कुतूहलापुरते राहिलेले नाही. कोकणातील अनेक गावांत समुद्र पुढे आला म्हणून दगडी बंधारे बांधले जात आहेत. त्यांतील काही आवश्यक असतात, काही निरुपयोगी ठरतात, तर काही पुळणीलाच मारक ठरतात. हा भेद करायचा तर किनारा घडवणाऱ्या शक्तींची ओळख करून घ्यावी लागते.

बुडालेल्या दऱ्यांचा प्रदेश

कोकणच्या किनाऱ्याचा पाया फार प्राचीन आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्याच सुमारास भारतीय भूखंडाच्या पश्चिमेकडील भाग तुटून वेगळा झाला आणि आजच्या सेशेल्स बेटांच्या रूपाने दूर राहिला. पश्चिम किनाऱ्याची ढोबळ सरळ दिशा या प्राचीन भंगाचा वारसा आहे. रायगडपासून रत्नागिरीपर्यंत काळा बेसॉल्ट, त्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गात तांबड्या जांभ्या दगडाचे सडे, आणि मालवण परिसरात त्याहूनही कितीतरी जुने खडक, अशी ही रचना आहे.

या पायावर आजचा तपशील कोरला तो समुद्रसपाटीतील चढउतारांनी. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा वाटा बर्फाच्या रूपात जमिनीवर अडकून पडला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तेथील पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे आज जेथे तेलविहिरींचे मंच उभे आहेत तेथे त्या काळी कोरडी जमीन होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढत गेले आणि साधारणपणे सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीजवळ येऊन ठेपले. या चढत्या समुद्राने सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या दऱ्या मुखाकडून बुडवल्या. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या म्हणजे अशा बुडालेल्या दऱ्या होत. आंग्र्यांच्या आरमाराला त्यांत आडोसा मिळाला, व्यापारी गलबतांना बंदरे मिळाली. कोकणच्या इतिहासाला भूगोलाने दिलेली ही देणगीच म्हणायची.

या चढउताराचे पुरावे अजूनही सापडतात. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत प्रिन्सेस डॉकची खोदाई सुरू असताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिखलात मुळासकट उभे असलेले खैराच्या झाडांचे बुंधे मिळाले. एके काळी तेथे जंगल होते. उलटपक्षी, कोकणात काही ठिकाणी शंखशिंपल्यांचे तुकडे आणि वाळू चुन्याने सांधली जाऊन बनलेला खडक आजच्या भरतीरेषेच्या वर आढळतो. स्थानिक लोक त्याला ‘करल’ म्हणतात. पूर्वी कधीतरी पाणी तेथवर येत होते, याची तो साक्ष देतो.

लाटेचा घाव

किनारा घडवण्याचे रोजचे काम मात्र लाटा करतात. वारा पाण्यावरून वाहताना आपली ऊर्जा पाण्याला देतो आणि ही ऊर्जा लाटेच्या रूपाने शेकडो, कधी हजारो किलोमीटर प्रवास करते. खोल समुद्रात पाणी जागच्या जागी वर्तुळाकार फिरते. पुढे सरकते ती ऊर्जा. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. तिचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि शेवटी ती फुटते. लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मीटरच्या लाटेपेक्षा तीन मीटरची लाट तिप्पट नव्हे, तर नऊपट ऊर्जा घेऊन येते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोकणासमोरील लाटा साधारणतः मीटरभर उंचीच्या असतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रात त्या तीन-चार मीटर किंवा त्याहून उंच होतात. वर्षभराचे बहुतेक ‘काम’ या चार महिन्यांत का उरकते, ते यावरून ध्यानात येईल.

लाट किनाऱ्याकडे येताना वळते, हेही महत्त्वाचे आहे. समुद्रात घुसलेल्या भूशिरासमोर पाणी आधी उथळ होते. तेथे लाट मंदावते आणि तिचे बाजूचे भाग भूशिराकडे झुकतात. परिणामी ऊर्जा भूशिरावर एकवटते, तर दोन भूशिरांमधील उपसागरात ती पसरून विरळ होते. म्हणून भूशिरे झिजतात आणि उपसागरात वाळू साचते. रत्नागिरी, गणपतीपुळे, गुहागर, मुरूड कोठेही पाहावे, दोन कातळी टोकांच्या कुशीत चंद्रकोरीसारखी वाळू, ही कोकणाची ठरलेली रचना याच नियमाने बनलेली आहे.

खडकाची झीज कशी होते हे पाहण्यासाठी हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गासारखी दुसरी जागा क्वचितच असेल. डोंगराच्या खाचेतून पायऱ्या उतरून भाविक जेथे येतात तो सपाट कातळ म्हणजे भूगोलाच्या भाषेत तरंगघर्षित मंच. लाटा कड्याच्या पायथ्याशी आदळतात. फटींत कोंडलेली हवा क्षणभर दाबली जाते आणि लाट ओसरताच झटक्यात मोकळी होते. त्या दाबाने फटी रुंदावतात. लाटेबरोबर येणारे दगडगोटे पायथा घासतात. पायथा पोखरला की वरचा कडा आधाराविना कोसळतो आणि कडा मागे सरकत जातो. तो मागे सरकताना जी सपाट पायरी शिल्लक राहते तोच हा मंच. या कातळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी जाळी दिसते ती मुख्यतः मिठाची करामत आहे. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले खारे पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा कण न् कण सुटा करतात. भरती असताना या मार्गावर जाणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे ओहोटीची वेळ पाहूनच प्रदक्षिणा करावी लागते.

भरती, उधाण आणि भांग

लाटेचा हा घाव कोणत्या उंचीवर पडावा, हे भरती-ओहोटी ठरवते. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे आपल्या किनाऱ्यावर साधारण साडेबारा तासांच्या अंतराने भरती येते आणि दररोज ती सुमारे ५० मिनिटांनी लांबते. कोकणातील दर्यावर्दी मंडळींनी यावरून सोपा हिशेब बसवला आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरतीचा जोर वाढतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास तो ओसरतो, तो भांग.

सर्वत्र पाणी सारखे चढत नाही. मालवण-रत्नागिरीकडे उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांतील फरक दोन-अडीच मीटर असतो. मुंबईत मोठ्या उधाणात तो पाच मीटरच्या आसपास जातो, तर खंबातच्या आखातात भावनगरजवळ दहा मीटरच्याही पुढे जातो. उत्तरेकडे उथळ सागरतळ रुंद होत जातो आणि आखात निमुळते होते. तेच पाणी अरुंद जागेत शिरते, त्यामुळे ते उंच चढते.

खाड्यांमध्ये भरतीचे काम निराळे असते. भरतीचे पाणी गाळ आत आणते, नद्या वरून गाळ आणतात आणि शांत पाण्यात तो तळाशी बसतो. त्या चिखलावर तिवराची झाडे उगवतात. त्यांची मुळे पाण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे आणखी गाळ बसतो. अशा रीतीने कांदळवन स्वतःच्या पायाखालची जमीन स्वतः उभी करते. लाटांचा जोर शोषून घेण्याचे कामही ते करते. राज्य सरकारने २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, त्यामागे या उपयुक्ततेची जाणीव होती.

पुळणीचा वार्षिक ताळेबंद

आता पुळणीकडे वळू. पुळण म्हणजे वाळूचा साठा, आणि बँकेतील खात्याप्रमाणे त्यात जमा आणि खर्च दोन्ही सतत चालू असतात. जमेच्या बाजूला नद्यांनी आणलेली वाळू, झिजलेल्या कड्यांचा चुरा आणि शंखशिंपल्यांचा भुगा. खर्चाच्या बाजूला खोल समुद्रात गेलेली, खाडीत शिरलेली, वाऱ्याने आत उडालेली आणि माणसाने उपसलेली वाळू. कोणत्या खडकाची वाळू जमा झाली यावर पुळणीचा रंग ठरतो. बेसॉल्टच्या प्रदेशात ती करडी-काळी असते. तारकर्लीला गारगोटीयुक्त खडकांमुळे पांढरी दिसते. रत्नागिरी शहरात तर किल्ल्याच्या दोन अंगांना ‘पांढरा समुद्र’ आणि ‘काळा समुद्र’ अशी नावेच रूढ झाली आहेत. या परिसरातील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज मोठ्या प्रमाणात आढळते.

या खात्यात दरवर्षी एक मोठी उलाढाल होते. पावसाळ्यातील उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवर आदळतात. एका लाटेचे पाणी मुरण्याआधीच दुसरी येते, परतीच्या पाण्याचा जोर वाढतो आणि ते वाळू ओढून नेते. पुळण खचते, अरुंद होते, कोठे कोठे खालचे दगडगोटे उघडे पडतात. पण ही वाळू नाहीशी होत नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा बनतो. हा दांडा तयार झाला की मोठ्या लाटा त्यावरच फुटू लागतात आणि मागच्या पुळणीला काहीसे संरक्षण मिळते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो. लाटा लहान आणि सावकाश येऊ लागतात. चढते पाणी वाळूत मुरते, परतीचे पाणी अशक्त होते आणि प्रत्येक लाट थोडी थोडी वाळू वर टाकून जाते. उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा भरून येते. पावसाळ्यात खचलेली पुळण पाहून तिला ‘गेली’ म्हणणे म्हणजे महिनाअखेरीस खात्यातील शिल्लक पाहून दिवाळे निघाले असे समजणे होय. खरी तूट आहे की नाही, हे एका मे महिन्याची दुसऱ्या मे महिन्याशी तुलना करूनच कळते.

वाळू केवळ आत-बाहेर होत नाही, ती किनाऱ्याच्या समांतरही वाहते. लाट तिरकी आली की वाळूचा कण तिरका वर जातो आणि उताराने सरळ खाली येतो. अशा नागमोडी चालीने तो किनाऱ्याने पुढे सरकतो. पूर्व किनाऱ्यावर हा प्रवाह फार मोठा आहे. चेन्नईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराच्या भिंती समुद्रात उभ्या राहिल्या, उत्तरेकडे निघालेली वाळू त्यांच्या दक्षिणेला अडली आणि मरीना पुळण रुंदावत गेली. उत्तरेकडील रोयापुरम भागाची वाळू मात्र तुटली आणि तेथे समुद्राने जमीन खाल्ली. एकाची जमा ही दुसऱ्याची तूट ठरल्याचे याहून ठसठशीत उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही.

कोकणात भूशिरांमुळे वाळू बहुतांशी आपापल्या उपसागरातच फिरते. त्यामुळे शेजारच्या गावाची पुळण आपल्याकडे येण्याची शक्यता कमी असते आणि आपली वाळू गेली तर भरपाईही अवघड असते. नदीच्या मुखाशी मात्र हा प्रवाह विलक्षण रूपे घेतो. मालवणजवळचे देवबाग हे गाव एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये निमुळत्या होत गेलेल्या वाळूच्या दांड्यावर वसले आहे. नदीचा प्रवाह, भरती आणि लाटा यांच्या ओढाताणीवर हा दांडा टिकून आहे. म्हणून तेथे धुपीचा प्रश्नही तीव्र आहे.

वारा, वेल आणि अवचित आपत्ती

भरतीरेषेच्या वरची वाळू वाळली की वारा तिचा ताबा घेतो. अडथळा मिळेल तेथे ती साचते आणि टेकड्या बनतात. या टेकड्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरते. तिच्या नावातच तिचे काम सांगितलेले आहे. तिच्या जाळ्यात वाळू अडते, टेकडी स्थिरावते. मोठे वादळ आले की लाटा टेकडीची वाळू ओढतात आणि गाव वाचते. टेकडी म्हणजे पुळणीची मुदत ठेव आहे. न्याहारीगृहे, वाहनतळ आणि बंगले यांसाठी टेकड्या सपाट केल्या की ही ठेव मोडली जाते.

कधी कधी मात्र निसर्ग एका दिवसात शतकाचे काम करतो. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. १५२४ मध्ये वास्को-द-गामाचे आरमार दाभोळच्या समुद्रात असताना पाणी अकस्मात खवळल्याची नोंद आहे. दापोली तालुक्यातील केळशी येथील वाळूच्या टेकडीत मध्ययुगीन नाणी व खापरे मिळाली आणि काही संशोधकांनी तिचा संबंध प्राचीन त्सुनामीशी जोडला. टेकडी वाऱ्याने बनली की लाटेने, यावर अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. अलीकडच्या काळात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यावर आदळले आणि अरबी समुद्रातील वादळांकडे कोकणाला नव्याने पाहावे लागले.

बंधाऱ्याआधीचे प्रश्न

हा सारा हिशेब आज माणसाच्या हाताने बिघडत आहे. नद्यांवरील धरणे वाळू अडवतात. खाड्यांतून पंपांनी वाळू उपसली जाते. बंदरांच्या भिंती प्रवाह तोडतात. त्यातच समुद्राची जागतिक सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग पुढे अधिकच झाला. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतो आहे, चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग वाढतो आहे आणि उरलेला स्थिर आहे.

झिजणाऱ्या किनाऱ्यावर सरकारी उत्तर बहुधा एकच असते : धूपप्रतिबंधक बंधारा. मागे दाट वस्ती, रस्ता वा बंदर असेल तर बंधाऱ्याला पर्याय नसतो, हे मान्य केले पाहिजे. घर समुद्रात जात असताना माणसाला वाळूच्या चक्राचे व्याख्यान देऊन चालत नाही. परंतु बंधारा जमीन वाचवतो, पुळण वाचवत नाही. उभ्या दगडी भिंतीवर आदळलेली लाट परतते ती समोरची वाळू घेऊन. मागची टेकडी भिंतीआड अडकल्याने तिची वाळू पुळणीला मिळत नाही. कालांतराने भिंतीच्या पायाखालची वाळू जाते आणि दगड ढासळू लागतात. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे उधाणाच्या लाटांनी बंधाऱ्याला भगदाडे पडणे आणि त्याची पुन्हा डागडुजी होणे हे अनेक वर्षे चालत आले आहे. शिवाय जेथे भिंत संपते त्या टोकापलीकडे झीज वाढते आणि शेजारच्या वाडीतूनही बंधाऱ्याची मागणी येते.

याउलट, समुद्राला थोडी जागा सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा बांधकामाविना ठेवण्याची तरतूद केली, ती मुळात याच कारणासाठी शहाणपणाची होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटरवर आणले. एका पावसाळ्यात आत-बाहेर होणारी पुळण, त्यामागची टेकडी आणि वाढती समुद्रपातळी यांचा विचार करता ५० मीटर म्हणजे फार तोकडी जागा आहे.

म्हणून प्रत्येक बंधाऱ्याआधी काही साधे प्रश्न विचारले जावेत. ही झीज हंगामी आहे की वर्षानुवर्षांची? वाळू कोठून येत होती आणि ती कोणी अडवली? उपसा थांबवून, टेकडीवर मर्यादवेल वाढवून किंवा बाहेरून वाळू आणून टाकून काम भागेल काय? यासाठी गावपातळीवर फार खर्चिक यंत्रणा लागत नाही. पुळणीवर ठरावीक जागी खुणेचे खांब रोवून दरवर्षी मे आणि सप्टेंबर महिन्यांत वाळूची पातळी मोजली तरी पाच-सात वर्षांत गावाच्या हाती स्वतःचा ताळेबंद येईल. किनाऱ्यावरील शाळा आणि महाविद्यालये हे काम सहज करू शकतात. असा ताळेबंद हाती असलेले गाव बंधारा मागताना किंवा नाकारताना ठोस आधारावर बोलू शकेल.